मदतीच्या रांगेतून उभे राहिलेले नेतृत्व : जॉनी टिलमन

अमेरिकेतील साठच्या दशकाचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स ही नावे आपल्याकडील वाचकांच्या ओठांवर सहज येतात. त्याच काळात, त्याच देशात आणखी एक चळवळ उभी राहिली होती. ती होती सरकारी मदतीवर मुलांना वाढवणाऱ्या गरीब मातांची. या मातांना ना पक्षाचा आधार होता, ना विद्यापीठातील पदव्यांचा. त्यांनी एकमेकींना शासनाचे नियम समजावून दिले, एकमेकींसोबत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या आणि मेहेरबानी म्हणून मिळणारी मदत हक्क म्हणून मागितली. या चळवळीच्या अग्रणी जॉनी टिलमन यांचे नाव अमेरिकेतील गरिबांच्या लढ्यांच्या इतिहासात आदराने घेतले जाते. मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान टिकवायचा कसा, हा प्रश्न जोवर शिल्लक आहे तोवर त्यांचे चरित्र जुने होणार नाही.

जॉनी यांचा जन्म १० एप्रिल १९२६ रोजी अर्कान्सा राज्यातील स्कॉट या गावी झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या नशिबी तेव्हा जे कष्ट आणि जे कर्ज असे, तेच या घरातही होते. जॉनी पाच वर्षांच्या असताना आई वारली. सातव्या वर्षी त्या कापूस वेचू लागल्या. पुढे शिक्षणासाठी त्यांना लिटल रॉक येथे मावशीकडे ठेवण्यात आले. परंतु शालेय शिक्षण पूर्ण होऊ शकले नाही. त्यांना लॉन्ड्रीत कामाला लागावे लागले आणि तेच त्यांच्या उपजीविकेचे साधन बनले. विवाह झाला, मुले झाली, आणि संसार मोडला. १९६० च्या सुमारास, वडिलांच्या निधनानंतर, सहा मुलांना घेऊन त्या लॉस एंजेलिसला भावांच्या आश्रयाने आल्या.

तेथेही काम लॉन्ड्रीतलेच मिळाले. दिवसभर शर्टांना इस्त्री करायची, संध्याकाळी घरी येऊन मुलांचे पाहायचे. या कामाच्या ठिकाणी त्या कामगार संघटनेच्या प्रतिनिधी झाल्या. नियमांवर बोट ठेवून मालकाशी बोलायचे कसे आणि चार माणसांना एकत्र आणायचे कसे, याचे पहिले धडे त्यांना येथे मिळाले. वॉट्स भागातील निकर्सन गार्डन्स या हजाराहून अधिक घरांच्या सरकारी वसाहतीत त्या राहत होत्या. वसाहतीतील रहिवाशांच्या कामातही त्या लक्ष घालीत.

१९६३ मध्ये त्या आजारी पडल्या आणि त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. सरकारी मदत घ्यावी, असे त्यांना सुचवण्यात आले. हा निर्णय त्यांना सोपा गेला नाही. आयुष्यभर हातांनी कमावून खाल्लेल्या या बाईला मदत घेणे कमीपणाचे वाटत होते. त्यात त्यांची वयात येणारी मुलगी शाळा चुकवू लागल्याचे त्यांच्या कानी आले. आई दिवसभर बाहेर असली की घराची घडी विस्कटते, हे दिसत होते. अखेर मुलांसाठी घरी राहायचे त्यांनी ठरवले आणि मदतीसाठी अर्ज केला.

ही मदत म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. महामंदीच्या काळात १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा झाला. त्यात कर्त्या पुरुषाचा आधार गेलेल्या मुलांसाठी आर्थिक साहाय्याची तरतूद होती. पैसा काही केंद्राचा, काही राज्याचा. मात्र पात्रतेचे बरेचसे नियम राज्यांच्या आणि स्थानिक कचेऱ्यांच्या हाती. त्यामुळे प्रत्येक राज्यात रक्कम वेगळी आणि जाच वेगळा. घरात पुरुष वावरतो असा संशय आला तरी मदत बंद होऊ शकत असे, मग तो पुरुष मुलांना पोसत असो वा नसो. हा संशय पडताळण्यासाठी कर्मचारी अवेळी घरी येत, कपाटे उघडून पाहत, स्वयंपाकघरात डोकावत. कॅलिफोर्नियातीलच अलमेडा परगण्यात १९६३ च्या जानेवारीत पहाटेच्या सुमारास अशा घरांवर सरसकट धाडी घालण्यात आल्या. त्यात सहभागी होण्यास नकार देणाऱ्या बेनी पॅरिश या अंध समाजसेवा कर्मचाऱ्याला नोकरीतून काढण्यात आले. पुढे १९६७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या धाडी घटनाबाह्य ठरवल्या. १९६३ मध्ये मदतीवर आलेल्या स्त्रीला मात्र दारावर थाप पडली की दार उघडावेच लागे. आपण नाही म्हणू शकतो, हेच तिला ठाऊक नव्हते.

टिलमन यांच्या लक्षात आले ते नेमके हेच. नियमांची जाडजूड पुस्तिका कचेरीत होती, आणि ज्यांच्या जगण्यावर ते नियम लागू होते त्यांना ती पाहायलाही मिळत नव्हती. कर्मचारी सांगेल तो नियम, तो देईल ती रक्कम. एखाद्या कुटुंबाला खास गरजेसाठी वाढीव रक्कम मिळू शकते, मदत बंद झाल्यास सुनावणी मागता येते, या गोष्टी नियमांत असूनही अनेकींना त्यांचा पत्ता नव्हता. शिवाय लाज होतीच. शेजारणीही मदतीवर आहे हे ठाऊक असूनही बायका एकमेकींशी त्याविषयी बोलत नसत. वसाहतीतील एका बैठकीत मदत घेणाऱ्या मातांविषयी हेटाळणीचे बोल टिलमन यांच्या कानी पडले, आणि आता गप्प राहायचे नाही असे त्यांनी ठरवले.

काही मैत्रिणींना बरोबर घेऊन त्यांनी वसाहतीत घरोघरी फिरण्यास सुरुवात केली. बायकांना काय हवे आहे, हे त्यांनी आधी विचारले. काम, कामाचे प्रशिक्षण आणि मुलांना विश्वासाने ठेवता येईल अशी जागा या गोष्टी बहुतेकींना हव्या होत्या. मदतीवर जगणाऱ्या बायका आळशी असतात, या सर्वत्र पसरलेल्या समजाला छेद देणारीच ही माहिती होती. याच प्रयत्नांतून ऑगस्ट १९६३ मध्ये ‘एएनसी मदर्स ॲनॉनिमस’ ही संघटना स्थापन झाली. ‘एएनसी’ हे कॅलिफोर्नियातील या मदत योजनेचे आद्याक्षरी नाव. आणि ‘ॲनॉनिमस’ म्हणजे निनावी, कारण समाजाच्या लेखी या मातांना नावच नव्हते. वॉट्समध्ये ३४ जणांचे बळी घेणारा उद्रेक झाला तो ऑगस्ट १९६५ मध्ये. म्हणजे त्या वस्तीकडे देशाचे लक्ष जाण्यापूर्वी पूर्ण दोन वर्षे या बायका कामाला लागल्या होत्या.

त्यांच्या कामाची पद्धत साधी होती. कुणाची मदत बंद झाली वा कापली गेली, तर तिने कचेरीत एकटीने जायचे नाही. आधी ज्या बाईने तोच प्रसंग पार पाडला आहे ती तिच्यासोबत जाणार. कोणता अर्ज मागायचा, कोणता कागद जपून ठेवायचा, तोंडी नकार मिळाला तर लेखी कसा मागायचा, सुनावणीचा अर्ज कसा करायचा, हे ती सांगणार. आज जिला मदत मिळाली, तिने उद्या दुसरीला सोबत करायची. नियमांचे ज्ञान एकीकडून दुसरीकडे असे पसरत गेले. वकिलांची मदत पुढे मिळाली, तिचा उपयोगही झाला. पण खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या मनातली भीती घालवण्याचे काम दुसऱ्या मातेनेच केले.

अशाच संघटना देशाच्या अनेक शहरांत स्वतंत्रपणे उगवत होत्या. त्यांना जोडण्याचे काम जॉर्ज वायली यांनी केले. वायली रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि नागरी हक्क चळवळीत काम करण्यासाठी त्यांनी अध्यापन सोडले होते. १९६६ च्या जूनमध्ये ओहायो राज्यात मदतग्रस्त कुटुंबांनी क्लीव्हलंड ते कोलंबस अशी सुमारे १५० मैलांची पदयात्रा काढली. ३० जून रोजी ती कोलंबसला पोहोचली, त्याच दिवशी इतरही अनेक शहरांत निदर्शने झाली. ऑगस्ट १९६७ मध्ये वॉशिंग्टन येथील अधिवेशनात ‘नॅशनल वेल्फेअर राइट्स ऑर्गनायझेशन’ या राष्ट्रीय संघटनेची रीतसर स्थापना झाली आणि जॉनी टिलमन तिच्या पहिल्या अध्यक्षा म्हणून निवडून आल्या. निवडून द्यायची पदे मदत घेणाऱ्यांकडेच राहतील, असा दंडक होता. भरभराटीच्या काळात या संघटनेची सदस्यसंख्या वीस हजारांच्या वर गेली.

न्यूयॉर्कमधील शाखांनी वॉट्सचाच मार्ग मोठ्या प्रमाणावर अनुसरला. हिवाळी कोट, बिछाने, घरगुती सामान यांसाठी खास अनुदान देण्याची तरतूद नियमांत होती. ती सहसा कुणी मागत नसे. शाखांनी या वस्तूंच्या याद्या छापल्या. आपल्या घरात काय नाही त्यावर खूण करायची आणि सर्वांनी मिळून अर्ज द्यायचा, अशी मोहीम सुरू झाली. शहराच्या तिजोरीतून या अनुदानांवर होणारा खर्च झपाट्याने वाढला. तेव्हा १९६८ मध्ये शहराने खास अनुदानेच रद्द करून त्याजागी अल्पशी ठराविक रक्कम लागू केली. नियम माहीत झाले की शासन नियम बदलू शकते, हा कडवा धडाही चळवळीला मिळाला.

१९६८ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे मार्टिन ल्यूथर किंग आणि या माता यांची भेट झाली. किंग तेव्हा वॉशिंग्टनमधील गरिबांच्या मोहिमेची तयारी करत होते आणि त्यांना या संघटनेची साथ हवी होती. मातांनी त्यांना नुकत्याच झालेल्या कायद्याविषयी विचारले. लहान मुलांच्या आयांनाही कामाची सक्ती करू पाहणारा आणि मदतीवर मर्यादा घालणारा हा कायदा होता. किंग यांना त्याचे तपशील माहीत नव्हते. ठाऊक नसेल तर तसे सांगावे, असे टिलमन यांनी त्यांना शांतपणे सुचवले. किंग यांनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि ऐकून घेतले. नोबेल पारितोषिकाचे मानकरी असलेल्या नेत्याला लॉन्ड्रीत काम केलेली स्त्री कायदा समजावून सांगते आणि तो समजून घेतो, हा प्रसंग दोघांचाही मोठेपणा दाखवतो. दोन महिन्यांनी किंग यांची हत्या झाली. १२ मे १९६८ रोजी, मातृदिनी, या संघटनेच्या मातांच्या साथीने कोरेटा किंग यांनी वॉशिंग्टनमधील मोर्चाचे नेतृत्व केले.

त्या काही वर्षांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन महत्त्वाचे निर्णय दिले. १९६८ मध्ये घरातील परक्या पुरुषाच्या नावाखाली मुलांची मदत तोडणारा अलाबामा राज्याचा नियम रद्द झाला. १९६९ मध्ये राज्यात वर्षभर वास्तव्याची अट गेली. १९७० मध्ये, मदत बंद करण्यापूर्वी सुनावणीची संधी दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. हे खटले वकिलांनी लढवले हे खरे. पण सुनावणी मागण्याचे धाडस गरीब मातांमध्ये आले ते अशा संघटनांमुळे.

अपयशही पदरी आले. अध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला १,६०० डॉलर हमीचे उत्पन्न देण्याची योजना मांडली. अनेक राज्यांत त्याहून अधिक मदत आधीच मिळत होती; म्हणून संघटनेने तिला विरोध करून ५,५०० डॉलरची मागणी केली. ही योजना सिनेटमध्ये अडकली आणि बारगळली. हमीच्या उत्पन्नाचे तत्त्वच तेव्हा हातचे गेले, असे मानणारे अभ्यासक आहेत. टिलमन यांच्यासमोर मात्र रोजच्या भाकरीचा हिशेब होता.

संघटनेतही ताण होता. निवडून आलेल्या पदाधिकारी गरीब माता, तर पगारी कर्मचारी मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गीय पुरुष. निर्णय कुणाचा, हा वाद धुमसत राहिला. १९७२ मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी नियतकालिकात टिलमन यांचा लेख प्रसिद्ध झाला. मदत कचेरी म्हणजे जाचक नवराच. तो हवे तेव्हा सोडू शकतो, बाई मात्र त्याला सोडू शकत नाही, कारण मुले त्याच्या हाती असतात, असा त्याचा आशय होता. मुले वाढवणे हेही कामच आहे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षाच्या अखेरीस वायली बाहेर पडले आणि टिलमन कार्यकारी संचालक झाल्या. सूत्रे अखेर मातांकडे आली, पण देणग्या आटल्या होत्या आणि कर्ज डोक्यावर होते. १९७५ मध्ये संघटना बंद पडली.

टिलमन लॉस एंजेलिसला परतल्या आणि स्थानिक कामात रमल्या. कल्याणकारी योजनांविषयी सल्ला देणाऱ्या राज्यपातळीवरील समित्यांवरही त्यांनी काम केले. वॉट्समधील एका बालविकास केंद्राला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. मुलांसाठी सुरक्षित जागा ही पहिल्या पाहणीतली मागणी होती, हे लक्षात घेता हा सन्मान उचित म्हटला पाहिजे. मधुमेहाने जर्जर होऊन २२ नोव्हेंबर १९९५ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने १९३५ पासूनची ती मदत योजना मोडीत काढली आणि काळाची मर्यादा व कामाची सक्ती असलेली नवी व्यवस्था आणली.

ज्या योजनेसाठी आयुष्य वेचले ती उरली नाही, म्हणून हे आयुष्य व्यर्थ गेले असे म्हणता येणार नाही. मदत मागणारा माणूस लाचार असतो, ही समजूत टिलमन यांनी खोडून काढली. योजना कोणतीही असो, तिचे नियम ज्याच्यासाठी केले त्याला कळले नाहीत, तर ती मेहेरबानीच ठरते. नियम कळलेल्याने ते शेजाऱ्याला सांगितले की तिचा हक्क होतो. निकर्सन गार्डन्समधील मूठभर बायकांनी हे करून दाखवले, ते कुणी शिकवण्याची वाट न पाहता.