झाडावरच्या रात्री : जिम कॉर्बेट

शेताची राखण करण्यासाठी बांधलेला माळा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावर बसून रानडुकरे हाकलणे वेगळे आणि नरभक्षकाची वाट पाहत काळोखात झाडावर बसणे वेगळे. हे दुसरे काम ज्यांनी वर्षानुवर्षे केले, त्या जिम कॉर्बेट यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. ते लवकर वारले आणि घर गरिबीत वाढले. हिवाळ्यात कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला उतरत असे. तेथील रान हीच जिमची शाळा. एक नळी फाटलेली, तारेने बांधलेली ठासणीची बंदूक हे त्याचे पहिले शस्त्र. कुंवरसिंग नावाच्या गावकऱ्याने त्याला बंदुकीइतकेच महत्त्व झाडावर चढण्याला द्यायला शिकवले. कुंवरसिंगाचा सोबती हरसिंग बालपणी ही विद्या शिकला नव्हता; वाघाने त्याला बुंध्याशीच गाठून त्याचे पोट फाडले. तो वाचला, हे नवलच!

पुढे कॉर्बेट यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार सांभाळली. १९०७ साली चंपावतची वाघीण त्यांनी मारली. तिने ४३६ माणसांचा बळी घेतला होता.

१९१० मध्ये पनारच्या बिबट्यासाठी ते एका कललेल्या झाडावर बसले. पाठीमागून हल्ला होऊ नये म्हणून बुंध्याला काटेरी फांद्यांच्या मोळ्या घट्ट बांधल्या होत्या. काळोख असा, की नेमासाठी नळीला पांढरी चिंधी गुंडाळावी लागली. बिबट्या आला, तो समोरच्या बोकडाकडे न जाता मागून फांद्या दातांनी ओढू लागला. प्रत्येक हिसक्याबरोबर झाड हलत होते. वाचकांनी डोळे मिटून ते आसन कल्पून पाहावे! अशा वेळी गोळी झाडण्यापेक्षा न हलता बसणे कठीण, असे आम्हाला वाटते.

बदरी-केदारच्या वाटेवर रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ पासून १२५ माणसे मारली. १९२५ मध्ये कॉर्बेट अलकनंदेवरील पुलाच्या अरुंद मनोऱ्यावर थंड वाऱ्यात सुमारे वीस रात्री बसले. पण पदरी काहीच पडले नाही. पुढच्या वर्षी ते परतले आणि गुलाबराय येथील आंब्यावर, खाली बकरा बांधून, रात्रीमागून रात्र काढू लागले. मे १९२६ च्या आरंभी एका रात्री बकऱ्याची घंटा वाजली, विजेरीचा झोत पडला आणि एकाच गोळीत काम झाले. यात्रेकरूंची वाट मोकळी झाली.

व्हाइसरॉयांच्या शिकारींची व्यवस्थाही त्यांनी केली, हे लपवण्याचे कारण नाही. तथापि वाघ संपत चालल्याचे त्यांनी वेळीच ओळखले. बंदुकीऐवजी चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन ते रानात बसू लागले. १९३६ साली स्थापन झालेल्या अभयारण्याला त्यांच्या पश्चात त्यांचे नाव मिळाले. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला.

१९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियातील न्येरीला गेले. फेब्रुवारी १९५२ मध्ये तेथील अंजिराच्या झाडावर बांधलेल्या ‘ट्रीटॉप्स’ या निवासात राजकन्या एलिझाबेथ उतरल्या. खाली पाणवठ्यावर हत्ती-गेंडे येत होते. शहात्तर वर्षांचे कॉर्बेट शिडीच्या टोकाशी पहाऱ्यास बसून राहिले. याच रात्री इंग्लंडात राजांचे निधन झाले आणि राजकन्या झाडावरच राणी झाली. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे कॉर्बेट वारले.