काच पुसून देणारी मेरीबाई

जुन्या मोटारींचा शौक असलेल्या माणसाला पावसाळ्यात एक गोष्ट फार छळते. गाडी चकचकीत असते, इंजिन धडधाकट असते. पण पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर बसला की वायपर तो पुसत नाही, सारवतो. कारण त्या काळच्या बहुतेक गाड्यांना काचेवर पाणी मारण्याची सोयच नसे. मग हौशी मालक बॉनेटखाली पाण्याची छोटी टाकी बसवतो आणि रबरी नळी ओढून काचेच्या पायथ्याशी बारीक तोटी लावतो. अनेक जुन्या गाड्यांची वीज ६ व्होल्टची, त्यामुळे आजचा १२ व्होल्टचा पंप तिथे नीट चालत नाही. काही जण मग हाताने दाबायचाच पंप पत्करतात. एवढा खटाटोप कशासाठी, तर समोरचे दिसावे म्हणून. ही साधी गरज, रस्त्यावर मोटारी जेमतेम दिसू लागल्या होत्या तेव्हा, एका बाईने ओळखली होती.

मेरी अँडरसन यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ रोजी अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या ग्रीन काउंटीत झाला. त्या लहान असतानाच वडील गेले. १८८९ मध्ये आई आणि बहिणीबरोबर त्या त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात आल्या. तिथे त्यांनी भाड्याने द्यायच्या घरांची फेअरमाँट नावाची इमारत उभी केली. पुढे काही वर्षे कॅलिफोर्नियात फ्रेस्नो येथे गुरांचे कुरण आणि द्राक्षमळाही सांभाळला. लग्न त्यांनी केले नाही. थोडक्यात, हिशेब कळणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या एका हिवाळ्यात मेरीबाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्रामने जाताना त्यांनी पाहिले की, बर्फमिश्रित पावसाने काच झाकली जाते म्हणून चालक समोरची काच उघडूनच ट्राम हाकतो आहे. त्यामुळे बोचरा वारा आत घुसत होता आणि उतारू कुडकुडत होते. रोजचेच म्हणून सगळे ते सोसत होते. मेरीबाईंनी मात्र घरी परतल्यावर आराखडा करून घेतला. काचेबाहेर रबराची पट्टी लावलेला एक दांडा, तो काचेला टेकून राहावा म्हणून स्प्रिंग, आणि आतून फिरवायला एक मूठ. हवा चांगली असली की सगळे काढून ठेवता येई. अशी खटपट करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. पण त्यांची रचना साधी होती आणि काम करणारी होती. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना ७४३८०१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. मुदत १७ वर्षे.

१९०५ मध्ये त्यांनी हा हक्क कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका पेढीकडे विक्रीसाठी मांडला. या वस्तूला बाजारात किंमत येण्यासारखी नाही, अशा आशयाचे उत्तर आले.

मी उभी हयात बँकेत कर्जप्रकरणे वाचण्यात घालवली, त्यामुळे हा शेरा मला परका वाटत नाही. तो लिहिणारा मूर्ख नव्हता. त्या दिवशी मोटारी होत्याच किती? आज गिऱ्हाईक किती, एवढेच कागदावर मोजता येते. उद्याच्या गिऱ्हाइकासाठी अर्जात रकाना नसतो. आणि खरी गोची पुढेच आहे. उद्या येतोच, पण हक्काची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.

इथे नेमके तसेच झाले. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि मोटार सामान्यांच्या अंगणात आली. वायपरची गरज घरोघरी पोचली, तोवर मेरीबाईंच्या कागदाची वर्षे सरत आली होती. १९२० मध्ये पेटंट संपले. पुढच्या काही वर्षांत वायपर गाडीबरोबरच मिळू लागला. त्यातला एक पैसाही त्यांच्या हाती आला नाही.

शार्लट ब्रिजवुड या दुसऱ्या एका बाईने १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या वायपरचे पेटंट घेतले. तिच्याही पदरी फारसे काही पडले नाही.

मेरीबाई कडवट होऊन बसल्या नाहीत. फेअरमाँटचा कारभार त्या अखेरपर्यंत पाहत राहिल्या. २७ जून १९५३ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, टेनेसी राज्यातल्या माँटीगल येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानयादीत त्यांचे नाव आले ते २०११ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर, त्यांच्या दोन मालमत्तांपैकी तारण म्हणून आम्ही फेअरमाँटच घेतली असती. दर महिन्याला भाडे त्या विटांनीच दिले. दुसरी मालमत्ता मात्र आज जगभर पावसात रस्त्यांवर डावी-उजवीकडे फिरते आहे, आणि तिचे भाडे कुणी कुणाला देत नाही.