पैसा संपला, शिक्षण सोडलं नाही : अर्थशास्त्राचे विद्यार्थी बाबासाहेब आंबेडकर

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली साऱ्या महाराष्ट्राला माहीत झालं. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील इथं उपोषणाला बसले. मागणी शिक्षणाची आणि नोकरीची होती. आपल्या समाजाचाही सवाल तोच आहे. २०१४ साली मुस्लिमांमधल्या मागास घटकांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, पण त्याचा कायदा झाला नाही.

आरक्षणाची गोष्ट निघाली की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव येतंच. संविधान सगळ्यांना माहीत आहे. पण हा माणूस मुळात पैशाच्या शास्त्राचा विद्यार्थी होता, आणि ते शिक्षण पुरं करताना त्याला किती वेळा थांबावं लागलं, हे आपल्या घरांत फारसं सांगितलं जात नाही. म्हणून आज त्यांच्या आयुष्याचा तेवढाच भाग आपण बघू.

फारसीचा विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील रामजी फौजेत सुभेदार होते. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकताना त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते मिळालं नाही, तेव्हा त्यांनी फारसी घेतली. १९०७ साली मॅट्रिक झाले, १९१२ साली बी.ए. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत वडील वारले. 

अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथं त्यांनी सर्वांत जास्त अभ्यास अर्थशास्त्राचा केला. सरकारी जमाखर्चाचे नामांकित जाणकार प्रा. एडविन सेलिग्मन हे त्यांचे उस्ताद. १९१५ साली एम.ए. झालं. पुढच्या वर्षी पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. सोबत बॅरिस्टरीही सुरू केली.

अर्ध्यावर थांबावं लागलं

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचं शिक्षण अर्धं राहिलं. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. त्या काळी महायुद्ध चालू होतं. सामान आणि पुस्तकं ज्या जहाजानं पाठवली होती ते बुडवलं गेलं. पुस्तकं गेली, परवानगी मात्र हातात राहिली.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पुढे त्यांना अर्थमंत्री करावं असा महाराजांचा विचार होता. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या हातात कागद द्यायलाही तयार नसत, आणि शहरात राहायला जागा मिळेना. ते मुंबईला परतले. तिथं शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं. जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकलेल्या माणसाची ही गत!

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. पगार बरा होता, तरी ते परळच्या चाळीतच राहिले. रमाबाई काटकसरीनं घर चालवत होत्या आणि लंडनसाठी पैसा मागे पडत होता. कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले. १९२० साली, म्हणजे परवानगीची मुदत संपण्याआधी, ते पुन्हा लंडनला पोहोचले.

रुपयाचा सवाल

१९२१ साली एम.एस्सी. झालं. नंतर डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो सुधारून आणायला सांगितला. त्यांनी सुधारून दिला आणि १९२३ साली पदवी मिळाली. त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने निघाला. विषय होता रुपयाचा प्रश्न.

सोप्या शब्दांत सांगायचं तर तेव्हा चलनाची जी पद्धत होती, तिच्यात सरकारच्या हातावर पक्की मर्यादा नव्हती. रुपये जास्त निघाले की महागाई वाढते. व्यापारी भाव वाढवून घेतो, पण मजुराची मजुरी त्या चालीनं वाढत नाही. म्हणून रुपया किती निघावा याला पक्कं बंधन हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. केन्स यांच्यासारखा मोठा अर्थतज्ज्ञ त्या पद्धतीच्या बाजूनं होता, तरी त्यांनी आपलं मत पुराव्यासह मांडलं. महिन्याच्या शेवटी किराण्याची यादी छोटी करणाऱ्या घराला हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही.

दुसरं पुस्तक १९२५ साली आलं. सरकारी महसूल वरचं सरकार आणि प्रांत यांच्यात कसा वाटला जात गेला, त्याचा तो इतिहास. पुढे ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, त्याच्या कलम २८० मध्ये वित्त आयोगाची तरतूद आहे. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा आजही हाच आयोग सुचवतो.

चलनाच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. मोबाईलवर फिरतं की रिझर्व्ह बँक त्यांनीच स्थापन केली. तसं म्हणणं बरोबर नाही. या आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी ती सुरू झाली. बाबासाहेबांचं काम इतकं मोठं आहे की त्याला वाढवून सांगायची गरज नाही.

अर्थखातं मात्र त्यांच्याकडे कधी आलं नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी काय?

मराठवाड्याशी त्यांचं नातं आपणही नीट आठवावं. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून त्यांचा अपमान झाला, आणि करणारे मुस्लिम होते. त्याच परिसरात, औरंगाबादला, त्यांच्या संस्थेनं १९५० साली कॉलेज सुरू केलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. त्याची दारं सगळ्यांना उघडी राहिली.

आम्ही शाळेत बघतो, बँक म्हटलं की व्याज आठवतं आणि आपली मुलं या विषयाकडे फिरकत नाहीत. पण हिशेब तपासणी, कर, विमा, सरकारी अंदाजपत्रक, वक्फ आणि जकातीचा चोख हिशेब, हे सगळं याच शिक्षणातून येतं. बारावीनंतर बी.कॉम., अर्थशास्त्रात बी.ए. किंवा सी.ए.ची फाउंडेशन परीक्षा, असे रस्ते गावातल्या मुलामुलींनाही खुले आहेत.

अडचण पैशाची आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. शिष्यवृत्ती संपते, वालिद आजारी पडतात, मुलगा कामाला लागतो, मुलीचं लग्न ठरतं. अशा वेळी दाखला काढून सगळं मिटवून टाकू नका. कॉलेजात जाऊन परत येण्याचा नियम आणि मुदत विचारा, लेखी घ्या, कागद जपून ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात मध्ये थांबून पुन्हा सुरू करण्याची तरतूद आहे. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती संपल्यावर तीन वर्षं थांबावं लागलं. ते परत जाऊ शकले, कारण निघतानाच त्यांनी परतीची सोय करून ठेवली होती.