नामदार गोखले आणि त्यांचे अंकगणित

आपल्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली दरसाल महाविद्यालयात पाऊल टाकतात. कला वा वाणिज्य शाखेकडे वळताना, गणिताचा ससेमिरा एकदाचा सुटला, असा निःश्वास त्यांतील पुष्कळजण टाकतात आणि घरची वडीलधारी मंडळीही त्यास माना डोलावतात. म्हणून यंदा नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील एका काहीशा उपेक्षित अंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. थोर पुरुष कोणा एका ज्ञातीचे नसतात. त्यांचा वारसा जो घेईल त्याचा.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १८७९ साली पितृछत्र हरपले. वडील बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी पत्करली व त्यातील ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. तेवढ्यात महिना काढावयाचा म्हणजे पैपैचा हिशेब आलाच. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर, मोठ्या पगाराची वाट न धरता, ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य.

फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे संस्थेस जे हवे ते शिकविले. गणितावर संशोधन करणारे पंडित ते नव्हते. परंतु सहकारी बापट यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेले अंकगणिताचे पुस्तक दीर्घकाळ शाळाशाळांतून चालले व त्याची अन्य भारतीय भाषांत भाषांतरे झाली. ज्यांना पुढे गणिती व्हावयाचे नव्हते अशा असंख्य मुलांच्या हाती ते पडले.

या अंकगणिताचे मोल न्यायमूर्ती रानड्यांच्या सहवासात वाढले. सरकारी अहवालांतील आकडे पारखून घेण्याची शिस्त तेथे त्यांच्या अंगी बाणली. १८९७ साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष दिली. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारी तिजोरीतील शिल्लक ही देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. गोपाळरावांनी ती समजूत आकड्यांनीच खोडून काढली.

त्यातील मर्म कोणाही विद्यार्थ्यास उलगडेल. सरकारला विलायतेत पौंडांत रकमा भराव्या लागत. त्या काळी १ पौंड म्हणजे २४० पेन्स. रुपयाचा भाव १३ पेन्सपर्यंत घसरला तेव्हा एका पौंडास सुमारे साडेअठरा रुपये पडत. तो १६ पेन्सवर चढला तेव्हा १५ रुपयेच पुरत. पडत्या काळात वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. म्हणजे शिल्लक दिसत होती ती रयतेच्या सुबत्तेतून नव्हे, तर गरजेहून अधिक घेतलेल्या करांतून. हे साधे त्रैराशिकच होय! मिठावरील कर कमी व्हावा हा त्यांचा आग्रह होता. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ साली २ रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली १ रुपया झाला. गरिबाच्या भाकरीवरील मिठापर्यंत अंकगणित पोहोचले ते असे.

१९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे देहावसान झाले.

आमच्या तरुण वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे. कर्जाचा हप्ता ठरविताना, नगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचताना, फार काय, आपल्याच संस्थेचा वार्षिक हिशेब तपासताना जो आकड्यांना भितो, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील थोडेसे गणित मन लावून केले, तर तो परावलंबीपणा टळेल. गोपाळरावांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन आम्हांस सुचत नाही.