कीटकांना नावे देणारा माणूस : ए. ए. जिरो

आपल्यापैकी ज्यांच्या घरी ऊस आहे, त्यांना ट्रायकोकार्ड ठाऊक आहे. कार्डावर चिकटवलेल्या हजारो बारीक अंड्यांतून ट्रायकोग्रामा बाहेर पडतात. हे गांधीलमाशीच्या गणातले कीटक, पण लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. खोडकिडीच्या अंड्यात ते आपले अंडे घालतात आणि कीड अंड्यातच संपते. अडचण एवढीच, की यांच्या जवळच्या जाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. असे कीटक वेगळे ओळखण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, ते अलेक्झांद्र आर्सेन जिरो.

जिरो यांचा जन्म १८८४ साली अमेरिकेतील अॅनापोलिस येथे झाला. १९११ मध्ये ते उसावरील किडींच्या अभ्यासासाठी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेले. तिथल्या रानातले सूक्ष्म परोपजीवी कीटक पाहून ते हरखून गेले. १९१४ ते १९१७ अमेरिकेत काढून ते पुन्हा क्वीन्सलँडला परतले. ऑस्ट्रेलियातील तीन हजारांहून अधिक जातींचे त्यांनी वर्णन केले. वरिष्ठांना पिकांच्या उपयोगाचे काम हवे होते, जिरोंना निखळ ज्ञान. लेखांची अडवणूक झाली, तेव्हा पदरचे पैसे घालून ते छोट्या पुस्तिका छापू लागले. एका कीटकाला त्यांनी गटे आणि शेक्सपिअर या दोघांचीही नावे दिली : गोएथियाना शेक्सपिअराय. राग आला, की मात्र तोल जाई. एका सहकाऱ्याची टर उडवायला त्यांनी जगात नसलेल्या कीटकाचे वर्णनही छापले होते.

त्यांची वर्णने त्रोटक, चित्रे क्वचित, आणि एकाच काचपट्टीवर अनेक नमुने दाटीने बसवलेले. पुढच्या अभ्यासकांना याचा फार त्रास झाला. १९३१ मध्ये पत्नी वारली, पदरी पाच मुले. अखेरची वर्षे मानसिक आजारात गेली आणि १९४१ साली क्वीन्सलँडमध्येच त्यांचे निधन झाले.

पण नमुने राहिले. ते आज ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड म्युझियममध्ये आहेत. १९६८ साली बेंगळुरूत सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी दाखवून दिले, की ट्रायकोग्रामाच्या जाती नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवरून खात्रीने ओळखता येतात. आपल्याकडच्या उसातील जातीला तेव्हा जिरोंनी १९१२ मध्ये दिलेले ऑस्ट्रेलिकम हेच नाव लावले जाई. पुढच्या तपासणीत ती जात वेगळी निघाली. तीच आजच्या ट्रायकोकार्डावरची किलोनिस.

नाव चुकले तर चुकीचा कीटक शेतात जातो आणि हंगाम वाया जातो. ती चूक दुरुस्त करायला मूळ नमुना हाताशी असावा लागतो. जिरोंनी घाईत, रागात, कधी उपाशीपोटीही तो मागे ठेवला. काचपट्टीला चिठ्ठी लावल्याशिवाय आपल्याला प्रयोगशाळेबाहेर न सोडणाऱ्या जीवशास्त्राच्या शिक्षकांची म्हणूनच आज आठवण येते.