विश्लेषण : परीकथाकार अँडरसन खिशात कात्री घेऊन का फिरायचे?

‘कुरूप बदकाचे पिल्लू’, ‘छोटी जलपरी’ या कथांमुळे डेन्मार्कचे लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन घराघरांत पोहोचले. २ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो. पण त्यांनी कागदातून कातरलेली माणसे आपल्याकडे फारशी कुणी पाहिलेली नाहीत. लेखणीला जे थेट लिहिता आले नाही, ते या माणसांमध्ये दिसते.

कातरकामाचा नाद लागला कसा?

अँडरसन यांचा जन्म १८०५ मध्ये ओडेन्स शहरात झाला. वडील जोडे शिवायचे, आई लोकांचे कपडे धुवायची. वडिलांनी मुलासाठी खेळण्यातले नाट्यगृह बनवले होते. त्यातल्या बाहुल्यांचे कपडे शिवता शिवता त्याच्या हाताला कात्रीची सवय लागली. १८१६ मध्ये वडील गेले. १४ व्या वर्षी तो एकटाच नट व्हायला कोपनहेगनला गेला. नट होणे जमले नाही. मात्र राजनाट्यगृहाचे एक संचालक जोनास कॉलिन यांनी त्याच्या शिक्षणाची सोय केली.

प्रेमाचे काय झाले?

१८३० मध्ये अँडरसन रिबोर्ग व्होइट या तरुणीच्या प्रेमात पडले. तिचे लग्न दुसरीकडे ठरल्यात जमा होते. पुढे गायिका जेनी लिंड यांच्यावर जीव जडला, पण त्यांनी अँडरसन यांना भाऊ मानले. जोनास यांचा मुलगा एडवर्ड याच्यावरही त्यांची फार माया होती. एकमेकांना ‘तू’ म्हणू या, अशी विनंती त्यांनी एडवर्डला पत्रातून केली. एडवर्डने ती नाकारली आणि ‘तुम्ही’च कायम ठेवले. ही गोष्ट अँडरसन यांना किती लागली असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

ते अविवाहित राहिले. आयुष्याचा मोठा काळ भाड्याच्या खोल्यांत, हॉटेलांत आणि स्नेह्यांच्या घरी पाहुणा म्हणून गेला.

कागद कातरायचे कसे?

या पाहुणचाराच्या घरांतच कात्री बाहेर यायची, तीही चांगली मोठी. मुले भोवती जमली की ते कागद मधोमध दुमडायचे आणि गोष्ट सांगत कातरायला लागायचे. पेन्सिलीने आखणी नाही. घडीच्या एका बाजूला अर्धीच आकृती कापली जाते आणि घडी उलगडली की तिची जोड समोर येते. त्यामुळे एक नर्तकी कापली की दोन मिळतात. हात, पंख किंवा झाडाची फांदी एकमेकांना चिकटलेली ठेवली नाही, तर सगळे सुटून पडते. काय कातरले जातेय, हे गोष्ट संपून कागद उलगडेपर्यंत मुलांना कळायचे नाही. बहुतेकदा ते त्या गोष्टीचे चित्रही नसायचे.

नर्तकी, हंस, विदूषक, पवनचक्कीच्या अंगाची माणसे हे त्यांचे नेहमीचे विषय. पण सर्वांत बोलकी आकृती आहे ‘हृदयचोरा’ची. फासावर लटकलेला माणूस आणि त्याच्या हातात चोरलेले हृदय. लहान मुलांसाठी विषय विचित्रच, पण त्यांनी तो पुन:पुन्हा कातरला.

ही कातरकामे विकण्यासाठी नव्हती, ती भेट दिली जायची. क्रिस्टीन स्टॅम्प या चिमुकलीसाठी १८५९ मध्ये तिचे आजोबा अडॉल्फ ड्र्यूसेन यांच्यासोबत त्यांनी चित्रांची अख्खी वही तयार केली.

कथांमध्ये हा कागद दिसतो का?

१८३८ च्या कथिलाच्या शिपायाच्या कथेत दिसतो. कथिल कमी पडल्याने एका पायाचा राहिलेला हा शिपाई कागदाच्या नर्तकीवर प्रेम करतो. तिने एक पाय इतका वर उचललेला असतो, की तीही आपल्यासारखीच एका पायाची, असा त्याचा समज होतो. शेवटी दोघेही शेगडीत जळतात. राखेत उरते कथिलाचे हृदय आणि तिच्या अंगावरची काळवंडलेली टिकली.

शेवटची वर्षे कशी गेली?

आजारपणात मेल्खियोर कुटुंबाने त्यांचा सांभाळ केला. १८७४ मध्ये त्यांनी डोरोथिया मेल्खियोर यांच्यासाठी एक मोठे, गुंतागुंतीचे कातरकाम केले. पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट १८७५ रोजी, याच कुटुंबाच्या कोपनहेगनजवळच्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या छातीशी एक लहान पिशवी सापडली. तिच्यात रिबोर्गचे जुने पत्र होते.

त्यांची शेकडो कातरकामे आज शिल्लक आहेत. त्यांचा मोठा संग्रह ओडेन्सच्या संग्रहालयात आहे.