मातीचा पारखी

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातील बर्स्लेम हे कुंभारांचे गाव होते. तेथे जमिनीखाली माती व दगडी कोळसा दोन्ही विपुल. त्यामुळे जिकडेतिकडे चाके फिरत आणि भट्ट्यांचा धूर गावावर पसरे. याच गावी १७३० साली एका कुंभाराच्या घरी जोसाया वेजवुड याचा जन्म झाला. तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. पुढे देवीच्या आजारातून तो कसाबसा वाचला. परंतु त्याचा उजवा गुडघा कायमचा अधू झाला. १७४४ साली तो थोरल्या भावाच्या हाताखाली उमेदवारी करू लागला, तेव्हा पायाने चाक फिरवणे त्याला फार जड जाई. ज्या धंद्यात पायावाचून चालत नाही, त्यात या मुलाचा निभाव कसा लागावा?

जोसायाचे लक्ष हळूहळू चाकावरून मातीकडे वळले.

खाणीतून आणलेली माती तशीच चाकावर चढवता येत नाही. ती प्रथम हौदात कालवून ताकासारखी पातळ करीत आणि तलम कापडातून गाळीत. मग ते कालवण तापवून पाणी आटवीत. उरलेला घट्ट गोळा तारेने कापायचा, एक तुकडा दुसऱ्यावर जोराने आपटायचा, पुन्हा कापायचा, पुन्हा आपटायचा. असे माती सर्वत्र सारखी होईपर्यंत चाले. आत हवेचा लहानसा बुडबुडा किंवा एखादा खडा राहिला, तर कित्येक दिवसांची मेहनत भट्टीत वाया जाई. भांडे पांढरे व बळकट व्हावे म्हणून चकमकीचे दगड भाजून त्यांची पूडही मातीत मिसळीत. हे दगड कोरडे दळीत, तेव्हा ती धूळ मजुरांच्या फुप्फुसांत जाई व अनेकांचे प्राण घेई. पुढे ते पाण्यात दळण्याची रीत आली आणि हे संकट काहीसे कमी झाले. पुरते मात्र टळले नाही.

१७५९ साली वेजवुडने स्वतःचा कारखाना काढला आणि प्रयोगांची वही लिहावयास आरंभ केला. मातीच्या प्रत्येक मिश्रणाला तो एक क्रमांक देई, त्याचा लहान तुकडा भाजून पाही आणि परिणाम टिपून ठेवी. त्याने तयार केलेली सायीच्या रंगाची भांडी १७६५ साली शार्लट राणीच्या पसंतीस उतरली. चांगल्या मातीसाठी त्याने १७६७ साली एक माणूस थेट अमेरिकेतील चेरोकी लोकांच्या डोंगराळ मुलखात धाडला. माती उत्तम निघाली. पण ती आणण्याचा खर्च फार होता. दूरच्या बंदरांतून येणारी माती स्वस्तात पोहोचावी म्हणून त्याने कालवा खोदण्याच्या कामी पुढाकार घेतला. तो कालवा १७७७ साली पुरा झाला.

मधल्या काळात गुडघ्याचे दुखणे वाढत गेले. १७६८ साली त्याचा पाय कापावा लागला. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते! बरा होताच लाकडी पाय लावून तो कामावर हजर झाला. सदोष भांडे दिसले की तो त्या लाकडी पायानेच ते फोडून टाकी, असे सांगतात. ही आख्यायिका असेल. पण ती त्याच्या स्वभावाला शोभते खरी.

त्याची खरी कसोटी पुढेच होती. आतपर्यंत रंग मुरलेली, झिलईवाचून मऊ दिसणारी एक नवी माती त्याला सिद्ध करावयाची होती. एका भट्टीतून तुकडे सुरेख निघत. तेच मिश्रण दुसऱ्या भट्टीत फुगे, तडके किंवा डागाळे. हजारो तुकडे भाजून झाले. डर्बीशायरच्या खाणींतील एक जड खनिज योग्य प्रमाणात मिसळल्यावर १७७५ च्या सुमारास ती माती वश झाली. तिला ‘जॅस्पर’ म्हणतात. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने १७८७ साली काढलेले प्रसिद्ध पदक याच मातीचे होते. तशी पदके त्याने पुष्कळांना फुकट वाटली.

माती भाजली की आकसते. हे नित्याचे निरीक्षणही त्याने वाया जाऊ दिले नाही. मातीचा ठरावीक मापाचा तुकडा भट्टीत ठेवून तो किती आकसला यावरून उष्णता मोजण्याचे साधन त्याने १७८२ साली जगापुढे मांडले. दुसऱ्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

१७९५ च्या जानेवारीत वेजवुड वारला. त्याने चाचणीसाठी भाजलेले कित्येक तुकडे बार्लस्टन येथील संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांवर त्याचे क्रमांक अद्याप वाचता येतात.